शेऱ्याचा रकाना

नारायणगाव
२ डिसेंबर २०२५

ताई,

"मी आले व्हते, प्रतिभे. दिवसभर बसले व्हते."

आईच्या दहाव्याला, नदीच्या घाटावर तू मला हे म्हणाली होतीस. प्रवचन संपून श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. सगळी भावकी पायऱ्यांवर बसलेली. आणि मी माईकच्या आवाजाच्याही वर आवाज चढवून म्हणाले, "खोटं बोलू नको. आई तुझं नाव घेत गेली आणि तू आली नाहीस." भाषण करणारा मधेच थांबला होता, आठवतं? तू आप्पांकडे एकदा बघितलंस. आप्पा पाण्याकडे बघत होते. मग तू चप्पल घातलीस आणि गेलीस. त्याला तेवीस वर्षं झाली.

तू खरं बोलत होतीस. आज दुपारी साडेतीनला मला ते कळलं. तेव्हापासून मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो ओट्यावरच राहिला. सुनील विचारतोय, काय झालं, बरं वाटत नाही का. त्याला काय सांगू ते मला जुळवता येत नाही, म्हणून आधी तुलाच लिहिते. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. तुझ्या श्रेयाचा मिळाला असता, पण तुझ्यामागे तुझ्या मुलीला गाठणं बरं दिसलं नसतं. कारवीवाडीच्या गाडीच्या कंडक्टरकडे हे पाकीट देईन. पूर्वी आपण देत होतो तसंच.

झालं असं. पिंपळपेठचं आपलं जुनं स्टँड आठवत असेल. नवीन स्टँड हायवेला गेल्यापासून ते बंदच होतं. आता तिथे संग्रहालय होतंय. गावात अजून सगळे त्याला टेशनच म्हणतात. इंग्रजांच्या काळात रेल्वे येणार म्हणून कुणी ते दगडी बांधलं, फलाटाचं जोतंही घातलं, आणि रेल्वे काही आली नाही, ही गोष्ट आप्पा आपल्याला सांगायचे. शेवटी तिथे एसटी उभी राहायला लागली. राजुरीची वृषाली नावाची एक मुलगी आहे, आर्किटेक्ट. तिने आणि गावातल्या पोरांनी मिळून सगळं उभं केलंय. तिकिटाची पेटी, कंडक्टरचा पंच, वेळापत्रकाचे पत्रे, पितळी घंटा. आणि कंट्रोलर म्हणून आप्पांनी लिहिलेली रजिस्टरं.

एकशे बारा रजिस्टरं निघाली, ताई. कंट्रोलरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वाळवी न लागता. वृषाली मला म्हणाली, "मॅडम, उद्घाटन एकवीस तारखेला आहे. एक रजिस्टर काचेत उघडं ठेवायचंय. कुठलं पान ठेवायचं ते तुम्हीच सांगा. तुमचे वडील आहेत."

मला अभिमान वाटला होता. ते रकाने मला पाठ आहेत: गाडी कुठून आली, किती वाजता, ड्रायव्हर, कंडक्टर, आणि शेवटी शेरा. टायर पंक्चर, घाटात दरड, बैल आडवे. आप्पांचा शेऱ्याचा रकाना कधी कोरा नसायचा. एकदा एक ड्रायव्हर वीस मिनिटांचा उशीर पाच लिहा म्हणून पाया पडला होता. आप्पांनी वीसच लिहिले आणि वर त्याला चहा पाजला. "तोंडानं मानूस कायबी बोलतो," म्हणायचे, "रजिस्टरला खोटं चालत नाय."

मी दोन हजार दोनचं रजिस्टर उघडलं. चौदा मार्च, गुरुवार. का उघडलं, माहीत नाही. त्या दिवशी तुझी गाडी आली होती की रद्द झाली होती, एवढंच बघायचं होतं. आप्पांच्या अक्षरात असं आहे:

कारवीवाडी गाडी, आगमन ८.५०. शेरा: रत्ना आली.
घोडेगाव गाडी, आगमन १२.१०. शेरा: बाकावर आहे.
जुन्नर गाडी, आगमन ३.३०. शेरा: आहे.
कारवीवाडी गाडी, सुटली ५.१५. शेरा: गेली.

मधल्या बाकीच्या गाड्यांपुढे 'वेळेवर' लिहिलंय.

आईचं काही खरं नाही असं कळवल्यावर आलेली तुझी चिठ्ठी मला अजून पाठ आहे. 'स्टँडपर्यंत येते. तिथून पुढं न्यायला कुणीतरी या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायचं, मुराळी नसताना मी उंबरा ओलांडणार नाही. गोकुळच्या घरचे म्हणतील, हिला तर कुणी न्यायलाही येत नाही.' मी उलट चिठ्ठी पाठवली होती, 'मीच येते मुराळी.'

आईजवळून मला हलता आलं नाही, ताई. मी घरून स्टँडला फोन लावला. तीनदा लावला. नऊ वाजता, बाराला, तीनच्या पुढे. फोन आप्पांनीच घेतला. तिन्ही वेळा म्हणाले, "नाय आली." तिसऱ्या वेळी म्हणाले, "सारखा फोन करू नको, लाईन कामाची आहे."

आणि तू त्यांच्या खिडकीसमोर बसली होतीस.

यापुढे आज मला लिहवत नाही.

तुझी,
प्रतिभा


नारायणगाव
५ डिसेंबर

ताई,

पहिलं पत्र पोचलं, असं कंडक्टर म्हणाला. "हातात दिलं. घेतलं त्यांनी, पन बोलल्या काय नाय." तू घेतलंस हेच माझ्यासाठी खूप आहे.

काल शाळेतून परस्पर पिंपळपेठला गेले. तुला दादाभाऊ आठवतो का, स्टँडवर कँटीन चालवायचा तो? संग्रहालयाच्या किल्ल्या आता त्याच्याकडे असतात. पोरांनी त्याला निळा शर्ट शिवून दिलाय, खिशावर नाव. तो शर्टाला हात लावून म्हणाला, "बघा ताई, जलमभर भजी तळली, कुनी नाव लावलं नाय. आता भजी बंद केली तर नाव लागलं."

मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं.

"दादाभाऊ, चौदा मार्च, दोन हजार दोन."

"माझी परीक्षा घेता का काय?"

"वाचा."

त्याने चष्मा लावला. वाचता वाचता त्याचं हसू गेलं.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मग मला कशाला इचारता? तुमाला तर ठावंच हाये."

"मला काय ठाऊक आहे?"

"रत्ना बसली व्हती त्ये."

ते ऐकलं, ताई, आणि जोत्यावरच बसले मी. मला वाटत होतं, हे रजिस्टरात पडून राहिलेलं गुपित आहे. आप्पांचं एकट्याचं.

"साऱ्या स्टँडला ठावं व्हतं," दादाभाऊ म्हणाला. "ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाली साळुंके मावशी. पेपरवाला. मी सोता दोन येळा चा दिला. भजी दिली, तिनं हात लावला नाय. मांडीवर कापडी पिशवी व्हती, ती खाली ठेवली नाय. दुपारी ऊन बाकावर आलं. म्हनलं, आत कँटीनमदी बस. तर म्हनती, 'नगं भाऊ, न्यायला येनारेत. मी जागा सोडली तर चुकामूक व्हईल.'"

"मग मला कुणी सांगितलं का नाही? घर काय लांब होतं?"

दादाभाऊ माझ्याकडे बघत राहिला. जरा रागावल्यासारखाच.

"कुनाला सांगायचं? बाप समोर खिडकीत बसलेला. भैन दहा मिंटांवर घरात. आमाला वाटलं, घरच्यांनी ठरवूनच न्यायला जायचं नाय आसं केलंय. मोठ्या घरचं मानूस डोंगरातल्या घरात गेलं, त्याचा राग. आमी कोन मधी बोलनारे? आन तुमी घाटावर तिला खोटी म्हनलात, तवा मी व्हतो की तिथं. मला वाटलं, काय काळजाची पोरगी हाय ही. न्यायला तर गेली नाय, वर साऱ्यांसमोर आसं."

तेवीस वर्षं दादाभाऊ मला हसून चहा देत होता, ताई. पैसे घेत नव्हता. मुलांना खाऊ द्यायचा. आणि तेवीस वर्षं माझ्याबद्दल त्याच्या मनात हे होतं.

वृषाली तेवढ्यात आली. तिला काहीच माहीत नाही. म्हणाली, "मॅडम, पान ठरलं का?"

मी म्हणाले, "अजून नाही."

प्रतिभा


नारायणगाव
९ डिसेंबर

ताई,

आज आप्पांशी बोलले.

ते चार वर्षांपासून आमच्याकडेच असतात, हे तुला कुणी सांगितलं असेल की नाही, कुणास ठाऊक. ऐंशी पूर्ण झाली. कान चांगले आहेत, गुडघे गेले. सकाळी गच्चीत बसून हायवेच्या गाड्या बघतात आणि कुठली किती उशिरा आली ते मला सांगतात. आठवडाभर ताट वाढून मी आत निघून जात होते. त्यांच्याशी बोलायचं टाळत होते. आज सुनील खोडदला ड्युटीवर गेला, घरात आम्ही दोघंच होतो. आप्पा वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"आप्पा, ताई त्या दिवशी आली होती."

"कवा?"

"आई जायच्या आधीच्या गुरुवारी. मी रजिस्टर बघितलं."

त्यांची बोटं थांबली. मला वाटलं, आता नाही म्हणतील, किंवा रडतील. तू कल्पना करू शकणार नाहीस त्यांनी काय विचारलं.

"पान फाटलंय का?"

"नाही."

"शाई?"

"दिसतेय."

त्यांनी मान हलवली. समाधान झाल्यासारखी. आणि पुन्हा शेंग उचलली. मला त्यांच्या हातातली शेंग हिसकून घ्यावीशी वाटली.

"मला फोनवर तुम्ही नाही म्हणालात."

"म्हनलो."

"का?"

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. दाणे ताटलीत टाकले.

"मला वाटलं, ती उठून खिडकीशी यील," आप्पा म्हणाले. "येकदा 'आप्पा' म्हनली आसती तर मीच तिला घिऊन घरी गेलो आसतो. मला न इचारता लगीन केलं, मला न इचारता तुमी दोघींनी चिठ्ठ्या पाठवल्या. आन उतरायचं माझ्याच फलाटावर. म्हनलं, येकदा तरी खिडकीशी ये."

"आणि तुम्ही का नाही उठलात?"

"डूटीवर व्हतो."

मी टरफलं गोळा करायला लागले. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

मग तेच म्हणाले, "उठलो व्हतो. दोनदा. येकदा दारापतुर गेलो."

"मग?"

"गाडी आली."

"गाडी आली म्हणजे?"

"नोंद करायची व्हती. माघारी फिरलो. बसल्यावर परत उठवंना."

ताई, मी हे जसंच्या तसं लिहितेय. मला त्यांची बाजू मांडायची नाही. आई रविवारी पहाटे गेली. शुक्रवार, शनिवार ती दाराकडे बघत होती आणि आप्पा तिच्या उशाशी बसून होते. त्या दोन दिवसांत एक शब्द त्यांच्या तोंडून आला असता तर कुणीही जीप घेऊन कारवीवाडीला गेलं असतं. मी हेही विचारलं. ते म्हणाले, "आधी नाय म्हनलो व्हतो. मग हाय कसं म्हनू?"

मी उठले तेव्हा त्यांनी अजून एक वाक्य म्हटलं. ते मी आज लिहीत नाही.

मला तुझ्याकडे परवानगी मागायची आहे. ते पान काचेत उघडं ठेवायचं, असं माझ्या मनात आहे. उद्घाटनाला भावकी येणार आहे, सगळी. ज्यांच्यासमोर मी तुला खोटी ठरवलं, त्यांनी ते वाचावं. वृषालीला मी कारण सांगितलेलं नाही. तू हो म्हण, बाकीचं मी बघते. आप्पांचं काय होईल, ते व्हायचं ते होईल.

प्रतिभा


नारायणगाव
१५ डिसेंबर

ताई,

श्रेयाचा फोन आला. तिचा आवाज तुझ्यासारखा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "मावशी, मी श्रेया बोलतेय," एवढं ऐकून मी शाळेच्या व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिले.

तिने तुझा निरोप दिला. "आई म्हणती, ते पान उघडं ठेवायचं नाय. म्हाताऱ्या माणसाची शोभा करायची नाय."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

ती जरा अडखळली. मग म्हणाली, "आई म्हणती, मावशीला इचार, ती फोनला का चिकटून बसली व्हती? स्टँड काय लांब व्हतं?"

पान बंद ठेवते. वृषालीला दिवाळीच्या जादा गाड्यांचं एक पान काढून दिलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आईजवळून मला हलता आलं नाही. ते तसं नव्हतं. शेजारच्या साळुबाई सकाळपासून आईजवळ बसल्या होत्या. मला दोनदा म्हणाल्या, "जा गं पोरी, भैनीला घिऊन ये, मी हाये की हितं." मी नवी साडी नेसले होते. केसही विंचरले होते. चप्पल घालून ओट्यापर्यंत गेले.

त्याच आठवड्यात सुनीलच्या घरचे बघून गेले होते. पसंती आली होती, सुपारी फुटायची बाकी होती. स्टँडपासून घरापर्यंतची वाट बाजारपेठेतून जाते. तू आणि मी बरोबर चालत आलो असतो. तुझ्या गळ्यात गोकुळभाऊंच्या घरची काळी पोत, हातात पिशवी. अख्ख्या पेठेने बघितलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत ते नारायणगावला पोचलं असतं. हे मी ओट्यावर उभी राहून विचारात घेतलं, ताई. नीट, एकेक करून. आणि आत येऊन फोन उचलला.

सुनीलला मी हे काल सांगितलं. त्याने हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "आमच्या घरी ते तेव्हाच माहीत होतं. मध्यस्थाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, थोरलीने डोंगरात लग्न केलंय. कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं."

कुणालाच काही वाटलं नव्हतं.

आता ते वाक्य, जे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. आप्पा म्हणाले:

"तू इचारलंस, आली का. मी नाय म्हनलो. तुझा आवाज कसा झाला ठावं हाये का? हलका झाला. तीनदाबी. येकदाबी म्हनली नाय, 'आप्पा, भायेर जाऊन नीट बघा.'"

त्यांना ऐकू आलं होतं. तेवीस वर्षं ते मला ओळखून आहेत आणि मला त्याचा पत्ता नाही. चार वर्षं मी त्यांना औषधं देते, त्यांच्या पायांना तेल लावते. लोक म्हणतात, मुलगी असावी तर अशी. ते काही बोलत नाहीत, मला वाटायचं स्वभाव आहे.

घाटावर मी इतक्या जोरात का ओरडले, ते आता मला कळतंय. तू 'आले होते' म्हणालीस आणि क्षणभर मला ते खरं वाटलं होतं. पटलं होतं, ताई. म्हणून ओरडले.

रजिस्टरात आप्पांचं सगळं आहे. माझं त्यात काही नाही. एवढंच तुला कळावं.

प्रतिभा


नारायणगाव
२२ डिसेंबर

ताई,

काल उद्घाटन झालं. तुला कुणीतरी सांगेलच, पण माझ्याकडून ऐक.

मांडव चांगला घातला होता. सहाशे माणसं असतील. भावकी पुढच्या रांगेत, फेटे बांधून. दादाभाऊ निळ्या शर्टात सगळ्यांना सांगत होता, "वस्तूला हात लावायचा नाय. मलाबी नाय." आप्पांचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ. त्यांना खुर्चीसकट जोत्यावर उचलून ठेवलं होतं. मी दुसऱ्या रांगेत होते.

आणि वृषालीने माईक त्यांच्यासमोर धरला. तिने हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "आप्पा, तुमच्या आवाजातली एक अनाउन्समेंट होऊन जाऊ दे. जुनी माणसं म्हणतात, तुमचा आवाज नदीपलीकडे जायचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी माईक दोन्ही हातांनी धरला. खाकरले. आणि ताई, तोच आवाज. ऐंशी वर्षांच्या छातीतून तो कसा निघाला, देव जाणे.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कारवीवाडीहून येणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर आलेली आहे."

लोक हसले, शिट्ट्या झाल्या. आप्पा थांबले नाहीत.

"गाडीतून रत्ना सावळेराम उतरलेली आहे."

तुझ्या नावापुढे त्यांनी आपलं नाव लावलं होतं. शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेतले फेटे एकमेकांकडे वळले. मी खुर्चीची कड धरली.

"सकाळी आठ पन्नासला उतरलेली आहे. संध्याकाळी पाच पंधरापर्यंत बाकावर हाये." मग त्यांचा आवाज माईकमधून खाली आला, घरातला झाला. "ती आली व्हती. न्यायला कुनी गेलं नाय. मी व्हतो हितंच."

एवढंच. वृषालीचा हात माईकवर तसाच. मग मागून कुणीतरी, ज्याला काही कळलं नव्हतं असा, टाळी वाजवायला लागला. एकाचं बघून दुसरा. पुढच्या रांगेत कुणी हात हलवला नाही.

आणि मी बसून होते, ताई. 'मीही होते' एवढं म्हणायला मला उभं राहायचं होतं. माझ्या पुढे माणसं होती, बाजूला माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. टाळ्या संपेपर्यंत मी मांडीवरची पर्स धरून बसले होते. तू सांगितलेली शोभा झाली. ज्याची व्हायला नको होती त्याची झाली, आणि त्याने आपल्या हाताने करून घेतली. माझी अजून कुणी केलेली नाही. म्हणून संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि भावकीतल्या प्रत्येकाला एकेक करून लावला. सगळं सांगितलं, ओट्यावरचंसुद्धा. थोरल्या काकी म्हणाल्या, "आता गं कशाला उकरती?" बाकीच्यांनी ऐकून घेतलं. फोनवरच सांगितलं, समोर जाऊन सांगायची छाती झाली नाही. तेही लिहून ठेवते.

घरी आल्यावर आप्पांनी शालीची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मला वर न्हे."

"गच्चीत?"

"कारवीवाडीला."

मी म्हणाले, "आप्पा, ती घरात घेणार नाही."

"नगं घिऊ दे."

"तुमच्या गुडघ्यांनी गाडीची पायरी चढवणार नाही."

"चढतो."

"आणि तिथे जाऊन काय करायचंय?"

"काय नाय करायचं," ते म्हणाले. "तिला दिसू दे, की मी उठलो."

चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतात.

तू नाही म्हणशील. मला ते इथे बसून ऐकू येतंय. तू म्हणशील, आता माझ्या घरात माझी पोर मोठी झाली, गोकुळच्या आईला मी शेवटपर्यंत सांभाळलं, तुमची मला आठवणही येत नाही. तुझं बरोबर असेल. मी तुझ्या जागी असते तरी नाहीच म्हणाले असते, हे मी आप्पांना सांगून ठेवलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनीलकडून सदऱ्याला इस्त्री करून घेतली.

तरी विचारते. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने मी आप्पांना घेऊन तुझ्या दारात येऊ का?

प्रतिभा